पाणी कुठे पितेस?

"फोटो काढणारा कुठे उभा होता?"

पडद्यावर शाळेचं चित्र उघडलं की ते हेच विचारायचे. चष्मा कपाळावर सरकवून, नाक जवळजवळ काचेला टेकवून बघायचे. हिरवंगार मैदान, हसणारी मुलं. "म्हणजे त्याच्या पाठीमागे काय आहे, ते आपल्याला दिसतच नाही," असं म्हणून खुर्चीत मागे रेलायचे.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ माझं सायबर कॅफे होतं. ते जिल्हा परिषदेच्या शाळा तपासण्यात उभा जन्म घालवून निवृत्त झालेले विधुर गृहस्थ. मुलगा नोकरीसाठी मेलबर्नला गेलेला. सून आणि सात वर्षांची नात महिनाभरात त्याच्याकडे जाणार होत्या, आणि नातीची शाळा निवडायचं काम ह्यांनी कुणीही न सांगता अंगावर घेतलं होतं.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. भाजीवाल्याने कोथिंबीर जास्त घातली तरी "का?" म्हणून विचारणारा. मी एकदा त्यांच्यासाठी चहा मागवला, तर म्हणाले, "आज काय विशेष, मालक?" आणि उत्तर मिळेपर्यंत कपाला हात लावला नाही.

तीन शाळांची माहिती त्यांनी छापून घेतली. 'प्रत्येक मूल आमच्यासाठी खास आहे' अशा अर्थाच्या एका इंग्रजी ओळीखाली लाल पेनाने लिहिलं, 'मग वर्गात किती?'

मी हसलो. तेव्हा त्यांनी सुरगाण्याकडची एक शाळा सांगितली. तपासणीच्या दिवशी वर्ग गच्च भरलेला, एकही मूल गैरहजर नाही. ह्यांना संशय आला. मागच्या रांगेतल्या एका पोराला विचारलं, "बाळ, तहान लागली की पाणी कुठे पितोस?" पोरगं इकडेतिकडे बघायला लागलं. अर्धा वर्ग शेजारच्या गावातून आणून बसवला होता.

"इमारत बघू नये, मालक. हेडमास्तरांचं तर ऐकूच नये."

मुलाने मात्र तिथली मोठी, नावाजलेली शाळा घेतली. माझ्याच फोनवरून बोलणं झालं. नंतर ते मला म्हणाले, "म्हणतो, तिथे प्रवेशासाठी लोक वर्षवर्ष थांबतात. मी विचारलं, मग आपल्याला आठवड्यात कसा मिळाला? तर फोन ठेवला."

नात तिकडे गेल्यावर दर शनिवारी दुपारी ते वेबकॅमसमोर बसायचे. पडद्यावर दोन वेण्या थांबत थांबत हलायच्या. "शाळा छान आहे, आजोबा. सगळे छान आहेत."

तिसऱ्या शनिवारी त्यांनी हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. "हे वाक्य तिचं नाही. तीन आठवडे तेच, तसंच."

हेडफोन पुन्हा चढवून त्यांनी हळूच विचारलं, "तू शाळेत पाणी कुठे पितेस गं?"

पडद्यावरच्या वेण्या हलायच्या थांबल्या. मला वाटलं, कनेक्शन गेलं. मग त्यांचाच चेहरा बदलत गेला. तिने काय सांगितलं, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. ती शाळेत पाणी पीतच नव्हती. प्यायलं तर बाथरूमला जावं लागतं, त्यासाठी बाईंना इंग्रजीत विचारावं लागतं, आणि एकदा विचारलं तेव्हा सगळा वर्ग हसला होता.

मुलाला त्यांनी लगेच समोर बोलावलं. मला वाटलं आता रागावतील. पण आवाज अगदी खाली गेला होता. "तुझ्या शाळेला मी उत्तम शेरा दिला होता. पण मी रजिस्टरांत चुका दाखवायचो, त्याचा राग तिथले मास्तर तुझ्यावर काढत होते, हे मला तू कॉलेजात गेल्यावर कळलं. मी रजिस्टरं तपासत बसलो रे. तुला कधी विचारलं नाही."

नातीला पुढच्या महिन्यात घराजवळच्या साध्या शाळेत घातलं. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी तिच्याकडून 'पाणी' हा शब्द शिकून घेतला. ह्यांनी तरी नकारार्थी मान हलवली. "पहिला दिवस आहे. बघू."

वर्षभराने ते स्वतः जाऊन बघून आले. त्या शाळेच्या फाटकाशी दोन दिवस उभे राहिले. तिसऱ्या दिवशी एक बाई बाहेर आल्या आणि 'तुम्ही कोण, इथे का उभे असता', असं नम्रपणे पण स्पष्ट विचारू लागल्या. हे सांगताना ते इतके खूश होते की मी मागवलेला चहा 'का' न विचारता प्याले. "शाळा चांगली आहे, मालक. संशय घेतात."

पुढे मुलगा त्यांना तिकडेच घेऊन गेला, आणि दोन हिवाळ्यांनंतर ते तिथेच वारले. मुलगा घराची कागदपत्रं करायला नाशिकला आला, तेव्हा कॅफेत डोकावला. मी त्याला मुलीबद्दल विचारलं.

"बाबा गेले त्यानंतर ती पहिल्यांदा शाळेत गेली, त्या दिवशी मी तिला आणायला गेलो होतो. शाळा सुटली, सगळी मुलं निघून गेली, ही येईना. आत जाऊन पाहिलं तर पायरीवर बसून रडत होती. आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार मुली, दप्तरं पाठीवर तशीच, घरी न जाता बसून राहिल्या होत्या."