उसव

सरांचे वडील शिंपी होते. एक टाका चुकला की ते पोराला अख्खी बाही उसवायला लावत, हे सर अभिमानाने सांगायचे. त्याच तोऱ्यात त्यांनी सापेक्षतेच्या सिद्धांतावर नाव कमावलं आणि जन्मभर आम्हा विद्यार्थ्यांच्या डोक्यावर मिरे वाटले. चुकलेल्या ओळीवर खडू आपटून म्हणायचे, "उसव!" आम्ही त्यांचं नावच उसव ठेवलं होतं. घरी कागद दाखवायला गेलं तर पाणीही विचारत नसत. काकू मात्र दर वेळी दारापर्यंत सोडायला यायच्या.

सापेक्षतेच्या गणितात काळाला आणि अंतराला उलट चिन्हं देतात, एकाला अधिक तर दुसऱ्याला उणे. कुणाला काय द्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं आणि शेवटपर्यंत पाळायचं. सर काळाला उणे देत. माझ्या प्रबंधात मी अधिक दिलं होतं, आणि तसं पहिल्याच पानावर लिहिलं होतं.

"सगळी चिन्हं उलटी! गणित आहे की गंमत?"

"सर, पहिल्या पानावर..."

"पहिली पानं मी वाचत नाही. उसव सगळं."

त्यांनी सही केली नाही. शिष्यवृत्ती संपली आणि मी एका कॉलेजात शिकवायला लागले. पुढे माझ्या प्रबंधातलाच निष्कर्ष दुसऱ्याने छापला, तेव्हा सरांनी भर सभेत त्याचं कौतुक केलं. मी मागच्या रांगेत दातओठ खात बसले होते.

निवृत्तीनंतर सर कृष्णविवरांवरच्या एकाच पेपरला चिकटून बसले. तो छापून यायचाच नाही. मग काकूंचा फोन आला. "एकदा बघून जा गं. जेवतसुद्धा नाहीत. बाकी कुणी फोनच उचलत नाही."

मी गेले ते दया म्हणून नव्हे, फजिती बघायला.

सरांनी कागद पुढे ढकलले. "कुठं अडलंय?"

चहा संपायच्या आत सापडलं. मधलं एक सूत्र त्यांनी परक्या पेपरातून उचललं होतं, आणि त्या माणसाने काळाला अधिक दिलं होतं. ते सुधारलं की सरांचा निष्कर्षच उरत नव्हता.

"त्या पेपरचं पहिलं पान वाचलंत?"

सरांनी तो पेपर ओढला, पहिल्या पानावर बोट ठेवून वाचलं आणि मान खाली घातली.

"थोडंच बदलायचंय ना गं?" काकूंनी विचारलं.

"नाही. उसवा, सर. सगळं."

इतकी वर्षं हे वाक्य मी घोकत होते. दया आली नाही, यावी असं वाटलंही नाही. मी पर्स उचलून निघाले.

काकू या वेळी दारापर्यंत आल्या नाहीत.