आमचे हाफ दाजी

हातात आलेली वस्तू घटकाभरसुद्धा स्वतःजवळ न ठेवणारा माणूस आमच्या अख्ख्या मुलखात एकच झाला, आणि आमचं नशीब असं की तो नेमका आमच्या आक्काचा नवरा झाला. मी त्यांची एकुलती एक मेहुणी. त्यामुळं त्यांची टिंगल करायचा परवाना मला लग्नाच्या मांडवातच मिळाला आणि तो मी अजून वापरते. दाजी फुटबॉल खेळायचे. हौसेनं नव्हे, तेच त्यांचं पोटापाण्याचं काम. निपाणीच्या एका तंबाखूवाल्या सावकारांना संघ पाळायचा नाद होता. कुणी पैलवान पाळतं, कुणी शर्यतीचे बैल पाळतं, यांनी अकरा गडी पाळले होते. वखारीच्या हजेरीत दाजींचं नाव कारकून म्हणून होतं, पण त्यांनी तिथं उभ्या जन्मात एक ओळ लिहिली नाही. समोर कागद आला की डावीकडच्या कारकुनापुढं सरकवायचा, तो जागेवर नसला तर उजवीकडच्यापुढं. सकाळ-संध्याकाळ मैदान आणि मधल्या वेळात तंबाखूच्या शिंका, असा त्यांचा दिवस जायचा.

मैदानात त्यांची जागा ऐन मधोमध. मागच्या गड्यांकडून बॉल घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा, एवढंच काम. अशा गड्याला तेव्हा हाफ म्हणायचे, आणि मधोमध असला की सेंटर हाफ. आता ही देण्याची खोड मैदानातच राहिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण ती त्यांच्याबरोबर पंगतीला बसायची, बाजारात हिंडायची, मोटारीतून प्रवास करायची. पानात जिलबी पडली की ती शेजारच्या पानात गेलीच म्हणून समजा. हॉटेलात चहा मागवायचे आणि कप आला की पलीकडच्या टेबलावरच्या अनोळखी माणसापुढं ठेवायचे. बेळगावला गेले की आक्कासाठी न चुकता कुंदा घ्यायचे. मग सर्व्हिस मोटारीत शेजारच्याला थोडा, पुढच्या बाकावरच्या म्हातारीला थोडा, संकेश्वरला गाडी थांबली की ड्रायव्हरला थोडा. निपाणीत आमच्या दारात पोचायचा तो नुसता तुपकट कागद. आक्का तो कागद हुंगायची आणि म्हणायची, छान झालाय कुंदा.

रस्त्यानं चालतानाही त्यांची मान सारखी डावीकडं-उजवीकडं फिरायची. कोण मोकळं हाय ते बघाय लागतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा आठवड्याच्या बाजारात एका बाईनं विश्वासानं आपलं तान्हं पोर त्यांच्याकडं दिलं, म्हणाली, एवढी मिरची निवडेपर्यंत धरा. बाई वळून बघते तर दाजी हात हलवत उभे आणि पोराचा पत्ता नाही. तिनं बाजार डोक्यावर घेतला. पोर सापडलं ते चौकातल्या पोलिसाच्या कडेवर, त्याच्या पट्ट्याचं बक्कल चोखत बसलेलं. दाजींना विचारलं तर म्हणाले, पोलीस मोकळा हुता.

तर अशा माणसाचं लग्न जमलं कसं, ते सांगते. आमचे आप्पा त्याच वखारीत दिवाणजी होते. दाजी बेळगावकडून निपाणीला यायच्या आधीच सावकारांनी आप्पांना सुचवलं होतं, की चांगला पोरगा आणतोय, थोरलीसाठी बघा. आप्पा सावध माणूस. त्यांनी बेळगावच्या आपल्या मावसभावाला कार्ड टाकलं, मुलाची चौकशी करून कळवावी. आता हा मावसभाऊ पडला फुटबॉलचा वेडा. त्याचं उलट टपाली उत्तर आलं, ते मला अजून पाठ आहे. 'मुलगा सांबऱ्याचा, घर शेतकरी, निर्व्यसनी. मुलगा हाफ आहे. लहानपणापासून हाफच आहे. हल्ली सेंटर हाफ झाला आहे. बेळगावात इतका पक्का हाफ दुसरा मिळणार नाही. स्थळ सोडू नये.'

आप्पांचं इंग्रजी मोटारीच्या हाफ तिकिटापाशी संपायचं. त्यांनी कार्ड तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि पाटावर बसले. म्हणाले, माझा भाऊ असून अर्धवट पोरगा गळ्यात मारतोय, आन वर लिवतोय, लहानपणापासनंच हाय. मी तेव्हा सोळा वर्षांची, इंग्रजी शिकणारी आमच्या घरातली एकटीच. सेंटर म्हणजे मधोमध, हे मी मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यावर आई म्हणाली, मधोमध म्हंजे डोस्क्यातच की गं. झालं, स्थळ मोडलं.

पुढं दाजी निपाणीला आले, सावकारांनी आप्पांना समोर बसवून हाफचा अर्थ समजावून दिला आणि स्थळ पुन्हा उभं राहिलं. आक्काला तर हा गडी मनापासून आवडला होता. ती आप्पांचा डबा घेऊन वखारीत गेली होती तेव्हा हे दारात शेंगदाणे खात उभे होते. तिला बघून त्यांनी मान फिरवली, आजूबाजूला दुसरं कुणी मोकळं नाही हे पाहिलं आणि पुडी तिच्या हातात देऊन निघून गेले. ते शेंगदाणे तिनं आठवडाभर पुरवून खाल्ले. मला एकसुद्धा दिला नाही.

पण आप्पा ऐकीव गोष्टीवर पोरगी देणारे नव्हते. ते स्वतः खेळ बघायला जाऊ लागले, आणि तिथं सगळं पुन्हा बिनसलं. निपाणीत तंबाखूचं काम करणारा माणूस माल कसा जपतो हे ज्यानं पाहिलंय त्यालाच आप्पांचं दुखणं कळेल. माल हातात आला की तो धरायचा, दडपून ठेवायचा, दिवस जाऊ द्यायचे, मधूनमधून वास बघायचा आणि चटकन सोडायचा नाही. आप्पांची हयात त्यात गेलेली. पाच खेळ बघून ते घरी आले आणि आईला म्हणाले, "त्याला बॉल मिळत न्हाय असं न्हाय. चांगला मिळतोय. आन मिळाला की दुसऱ्याला देतोय. दर खेपेला देतोय. कार्डात लिवलंतं तेच खरं."

शेवटी सावकार मध्ये पडले आणि आप्पांनी अट घातली. पोरानं एक गोल, फक्त एक, स्वतःच्या पायानं मारावा, त्याच दिवशी सुपारी फोडतो. नाही मारला तर कोगनोळीचं एक स्थळ सांगून आलंय, तिथं होकार कळवतो. मोसमातला एकच सामना उरला होता, बेळगावच्या कँपातल्या गोऱ्यांशी. दाजींनी तोवरच्या जन्मात एकही गोल मारलेला नव्हता. आक्कानं त्या आठवड्यात दोनदा आमटीत मीठ घातलं नाही आणि एकदा दोनदा घातलं.

सामना वखारीमागच्या मैदानात झाला. गोरे लॉरीतून आले, पायात बूट घालून. आमचे गडी अनवाणी. बायकांना बसायला वखारीचा माळा दिला होता, म्हणून आम्ही सगळ्याजणी खिडक्यांतून शिंकत सामना बघत होतो. अर्धा खेळ झाला तरी दोन्हीकडं गोल नाही. रेफ्रीनं शिट्टी मारली, हाफटाइम झाला असं कुणीतरी ओरडलं, आणि खिडकीखाली बसलेले आप्पा शेजारच्याला विचारू लागले, की आता काय तो एकटाच खेळणार?

तेवढ्यात आक्कानं मला कोपऱ्यात ओढलं. गड्यांना लिंबाच्या फोडी द्यायला मी खाली जाणार होते. ती म्हणाली, "त्यांना एवढंच सांग, आप्पांच्याकडं बघू नका म्हणावं. रोज खेळता तसंच खेळा." तिचे डोळे भरले होते, आणि ते तंबाखूनं नव्हे. मी जिना उतरले. पायरीगणिक मला राग येत गेला. म्हटलं, ही बया अशीच बोलणार आणि कोगनोळीला जाऊन जन्मभर रडणार. दाजींच्या हातात लिंबाची फोड ठेवली आणि मी आयुष्यातली सगळ्यात मोठी लबाडी केली. सांगितलं, "आक्का म्हणाली, माझ्यासाठी एक तरी गोल स्वतः मारा." दाजींनी मान हलवली. फोड शेजारच्याला दिली.

मी पुन्हा माळ्यावर आले. खेळ संपायला थोडाच वेळ उरला असेल. दाजींनी एका गोऱ्याच्या पायातून बॉल काढला, दुसऱ्याला चुकवलं, तिसरा घसरून पडला. समोर नुसता त्यांचा गोलकीपर, तोही पुढं धावत आलेला, आणि मागं गोल उघडा. माळ्यावरच्या शिंकासुद्धा थांबल्या. आक्कानं माझं मनगट धरलं होतं, त्यावर तिच्या बांगडीचा वळ उठला. आणि दाजींची मान वळली. डावीकडं एक बुटका फॉरवर्ड पळत आला होता. दाजींनी बॉल त्याच्या पायाशी अलगद सरकवला आणि त्यानं तो गोलात मारला. सामना आम्ही जिंकलो. लोकांनी बुटक्याला खांद्यावर घेतलं. मी आक्काकडं बघितलं तर ती रडत होती आणि हसतही होती.

आप्पा ताडताड मैदानात गेले, त्यांच्यामागं माळ्यावरून धावत मी. दाजी गुडघ्याला फडकं गुंडाळत बसले होते. आप्पांनी विचारलं, "गोल उघडा हुता. का मारला न्हाईस?"

"तो माझ्यापेक्षा मोकळा हुता," दाजी म्हणाले.

"आन माझी अट?"

"ध्यानात हुती की, आप्पा." एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली.

आप्पा तडक घरी आले. ओसरीवर बसले, तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि आईला हाक मारली. म्हणाले, "अट ठावं असून दिला त्यानं. म्हंजे कार्डात लिवलंय ते खोटं हाय. पोरगा अर्धवट न्हाय, पुरताच येडा हाय. पुरता हाय तर पोरगी द्यायला हरकत न्हाय." कोगनोळीला नकार गेला. लग्नात आक्कानं हार घालायच्या आधी दाजींच्या हातात त्यांचा हार दिला गेला, तेव्हा सवयीनं त्यांची मान डावीकडं वळली. शेजारी तो बुटका फॉरवर्ड उभा होता. मी वेळेवर चिमटा काढला म्हणून, नाहीतर हार त्याच्याच गळ्यात पडायचा.

आक्काचा संसार सुखाचा झाला, आणि त्यात माझ्या लबाडीचा वाटा मोठा आहे, हे मला कबूल करायलाच पाहिजे. बायकोनं पहिल्यांदा तोंडानं काही मागितलं आणि ते आपण दिलं नाही, ही टोचणी दाजींच्या मनात कायमची बसली. त्या एका गोलाची भरपाई म्हणून त्यांनी पुढं तिचा एकही शब्द खाली पडू दिला नाही. आक्का शेजारणींना अभिमानानं सांगायची, आमच्यात हे मला कधी न्हाय म्हणत न्हाईत. मी गप्प बसायची. फक्त दर दिवाळीला दाजी मला बाजूला घेऊन हळूच विचारायचे, "त्या दिवशी तुझी आक्का लई रागावलीती का गं?" तिला स्वतःला विचारायचा त्यांना धीर नव्हता. मी म्हणायची, थोडी. खरं सांगितलं तर तिला पुढच्या दिवाळीला लुगडं मिळणार नाही अशी मला भीती.

खेळण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मुंबईच्या एका गिरणीनं त्यांना आपल्या संघात बोलावलं होतं, मोठा मान होता तो. दाजींनी मान डावीकडं वळवली आणि ती जागा बुटक्या फॉरवर्डला देऊन टाकली, त्याच्या घरी खाणारी तोंडं जास्त म्हणून. पुढं गुडघा गेला. लढाईच्या दिवसांत सावकारांचा संघ मोडला आणि त्यांनी दाजींना बेळगावच्या दुकानात ठेवलं. आक्का-दाजींनी कँपाजवळ लहानसं घर केलं. तिथंच आक्काला विषमज्वर झाला आणि एकविसाव्या दिवशी ती गेली. त्या दिवसांत दाजींच्या हातात कुणी काही दिलं तर ते तसंच धरून बसायचे. पुढं कुणाला द्यायचं, हे त्यांना सुचायचं नाही.

स्वातंत्र्य आलं त्या साली दिवाळीला मी बेळगावला गेले. गोरे निघून गेले होते. कँपातल्या मैदानावर गोलाचे खांब तेवढे उभे होते आणि गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. दाजी काखेत जुना बॉल घेऊन लंगडत चालत होते. खांबांपाशी आल्यावर त्यांनी नेहमीचं विचारलं, "रागावलीती का गं?" आक्का नाही हे मला तेव्हा जितकं जाणवलं तितकं तिच्या तेराव्यालाही जाणवलं नव्हतं. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं, की तिनं गोल मागितलाच नव्हता, ते माझं होतं, ती म्हणाली होती रोज खेळता तसंच खेळा.

दाजींनी खांबाला धरलं. मला वाटलं, आता बोलणार, तेरा वर्षं का लपवलंस म्हणून. ते एवढंच म्हणाले, "तसंच खेळलो की मग." आणि त्यांच्या तोंडावर असं काही समाधान आलं की मला आणखी रडू फुटलं. मग त्यांनी बॉल गवतात खाली ठेवला. समोर उघडा गोल, आसपास चिटपाखरू नाही. मनात म्हटलं, आता तरी मारतील. दाजींची मान वळली, डावीकडं, उजवीकडं, आणि त्यांनी तो बॉल अलगद माझ्या पायाशी सरकवला. मी लुगडं सावरून लाथ मारली. पहिल्यांदा चप्पल गेली, तिच्यामागून हळूहळू बॉल गेला, दोन खांबांच्या मधून.

"बघ," दाजी म्हणाले, "मोकळी हुतीस."

मग लंगडत जाऊन त्यांनी माझी चप्पल आणून दिली.