श्वास धरणारा माणूस

माझ्या नवऱ्याला स्वतःच्या श्वासाचं भारी कौतुक. पुण्यात सोसायटीच्या गच्चीवर पहाटे योगवर्गाला जाणारा तो एकटाच तरुण, बाकी सगळे निवृत्त काका. नोकरीसाठी न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला आलो तेव्हा त्याने बॅगेत योगाची चटई कोंबली आणि माझा कुकर तिकडेच राहिला. त्यावरून मी त्याला वर्षभर टोमणे मारले.

इथे ऑफिसातला एक माओरी सहकारी त्याला पूर्व किनाऱ्यावर पाऊआ काढायला नेऊ लागला. पाऊआ म्हणजे पाण्याखाली खडकाला चिकटलेला मोठा शिंपला. आतून मोरपिशी, आणि नशीब जोरावर असेल तर पोटात त्याच रंगाचा वेडावाकडा मोती. पाठीवर सिलिंडर लावून तो काढायचा नाही, असा इथला कायदा. छातीत मावेल तेवढ्या हवेवर खाली जायचं, समुद्री वनस्पतींच्या जाड पट्ट्या बाजूला सारायच्या आणि बोथट पातं शिंपल्याखाली एका झटक्यात सरकवायचं. त्याला चाहूल लागली की संपलं, मग तो खडक सोडत नाही. पहिला पाऊआ सहकाऱ्याने समुद्राला परत द्यायला लावला, ती त्यांची रीत. नवरा खूश. "आपला नैवेद्यच की गं!" म्हणाला.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला मोती मिळाला, हरभऱ्याएवढा, निळा. झालं. "जोडीचा सापडला की तुला कानातलं करतो."

"मला नकोय. दुकानात हीप्स मिळतात, ढिगाने."

"दुकानातलं वेगळं. हे माझ्या श्वासावर काढलेलं असेल."

त्यानंतर तो जास्त वेळ खाली राहू लागला. "आता दम लागतच नाही, स्वीट ॲज, एकदम झकास! खाली गेलो की श्वासाची आठवणसुद्धा होत नाही," असं येऊन सांगायचा. पाण्यात उतरण्याआधी तो गाडीत बसायचा, काचा वर करून, डोळे मिटून, आणि भस्त्रिका करायचा. भात्यासारखा जोरजोरात श्वास, बराच वेळ. घरी रोज सकाळी तोच आवाज. मला तो मिक्सरइतका सवयीचा झाला होता.

त्या दिवशी समुद्र अगदी शांत होता. मी खडकावर थर्मास उघडून बसले होते. एकजण खाली गेला की दुसऱ्याने वर राहून लक्ष ठेवायचं, तसा सहकारी वर होता. नवरा वर येताना दिसला, आता डोकं बाहेर काढणार, आणि तिथेच त्याची शुद्ध हरपली. हात मारले नाहीत, ओरडला नाही, गुपचूप परत त्या वनस्पतींत उतरला. सहकाऱ्याने बुडी मारली, पुन्हा मारली. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचे ओठ मी ओळखले नाहीत, इतके काळे पडले होते. हेलिकॉप्टर आलं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. असा भराभर श्वास घेतल्याने अंगात हवा साठत नाही, फक्त घुसमट उशिरा कळते. घुसमट हीच तर वर ये म्हणून सांगणारी घंटा. त्याने ती बंद करून टाकली होती, आणि त्यालाच तो साधना समजत होता.

सहकारी भिंतीला टेकून ऐकत होता. मग हळू आवाजात मला म्हणाला, "मी त्याला दर वेळी गाडीत बघायचो. मला वाटलं, तो प्रार्थना करतोय. आम्हीही पाण्यात जाण्याआधी कराकिया म्हणतो. बरोबर आलेल्या बाकीच्यांना मीच सांगायचो, त्याला डिस्टर्ब करू नका." आणि तो एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला. मला त्याच्यावर खूप ओरडायचं होतं. पण इतक्या आदराने झालेल्या चुकीवर ओरडायचं कसं? सगळा राग मी देवावर काढला. तो काही उलट बोलत नाही.

"वाचला हे नशीब," असं लोक अजून म्हणतात. डोंबलाचं नशीब! तो घरी आला. चालतो, जेवतो, छान मराठी बोलतो. फक्त मी कोण, हे त्याला माहीत नाही. सुरुवातीला मी सांगून पाहिलं, लग्नाचे फोटो दाखवले. तो घाबरायचा, दाराकडे सरकायचा. मग मी सांगणं सोडलं. आशाही सोडली म्हणा. डॉक्टरांनी आधीच सोडली होती.

परवा दुपारी चहा दिला तेव्हा त्याने अदबीने विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात हो?"

"समुद्रावर गेलेत," मी म्हणाले.

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "येतील. आज वारा पडलाय," म्हणाला, आणि बशीतलं बिस्किट मोडून अर्धं माझ्यापुढे केलं.