सर आलेच नव्हते

माझ्या धाकट्या बहिणीचा मला हेवा वाटला, एवढं एक वाक्य लिहून मी तीन दिवस वही मिटून ठेवली होती. आज पुढे लिहिते आहे. आधी शब्द दुरुस्त करते. तो मत्सर होता. हेवा वाटतो तेव्हा आपल्यालाही ते हवं असतं. मला ते तिच्याकडून काढून घ्यायचं होतं.

इगतपुरीच्या पुढे, रस्ता संपल्यावर अर्धा तास चढून जावं लागतं अशा डोंगरात एक लाकडी खोली आहे. वीज नाही, फोनला रेंज नाही, शेजार नाही. पाणी झऱ्याचं, स्वयंपाक चुलीवर, आणि एका वेळी एकच जोडपं. माझ्या नवऱ्याने ती इंटरनेटवर शोधून काढली होती. अंबडच्या कारखान्यात दिवसभर यंत्रांच्या आवाजात उभा राहणारा माणूस, त्याला सुट्टीत नुसतं गप्प बसायला आवडायचं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, जिथे पुस्तकं भरपूर आणि वाचायला वेळ नाही. "दोन दिवस तू वाच, मी बसतो," असं म्हणून त्याने बुकिंग केलं. मग त्याचं दुखणं निघालं. तारीख एकदा पुढे ढकलली, मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा ढकलायला तो नव्हता.

त्याच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं आपापल्या घरी गेली, पावसाळा सरला, थंडी पडली, आणि एक दिवस त्याच्या फोनवर खोलीच्या मालकांचा मेल आला. आपलं बुकिंग अजून शिल्लक आहे, फेब्रुवारीअखेर यावं. खाली नेहमीची ओळ होती: फक्त जोडप्यांसाठी. (तो फोन मी अजून चार्ज करते.)

मी धाकटीला म्हटलं, "तुम्ही दोघं जाऊन या."

धाकटी आणि तिचा नवरा लग्नाला बारा वर्षं झाली तरी पंखा किती वर ठेवायचा यावरून भांडतात. ती म्हणाली, "लाइट नाही, मोबाइल नाही? ताई, आम्ही एकमेकांचा जीव घेऊ तिथे."

"घ्या. बघायलाही कोणी नाही."

आपण मोठ्या मनाने वागलो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

रविवारी संध्याकाळी दोघं परत येताना थेट माझ्याकडेच आले. मोज्यांना कुसळं चिकटलेली, अंगाला धुराचा वास. धाकटीचा चेहरा इतका उजळलेला होता की चहा ठेवायच्या निमित्ताने मी आत गेले. ती मागोमाग येऊन ओट्याला टेकली.

"ऐक ना मजा. तिथे राखणीला एक काका असतात. आम्ही पोचलो तेव्हा हे पुढे, मी मागे धापा टाकत. काका ह्यांना म्हणतात, 'या सर, किती महिने वाट बघायला लावली!' त्यांना वाटलं हेच दाजी."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

तिचा नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला, "कसं सांगणार, ताई? पाण्याचा तांब्या पुढे करून माणूस हसतोय. त्याला तिथल्या तिथे कसं सांगायचं की... नाही जमलं मला. हो म्हणून टाकलं."

"मग काय, दोन दिवस हे सर!" धाकटी हसली. "घरात कुत्रं विचारत नाही ह्यांना. आणि बडदास्त काय गं ती! खिडकीपाशी हातांची खुर्ची. खालच्या गावातून मुद्दाम डोक्यावर वाहून आणलेली. शेजारी दोन कंदील. काका म्हणाले, मॅडमना वाचायला उजेड जास्त लागतो ना. मला! मी त्या खुर्चीत बसून मटार सोलले. आणि चहा आला तो बिनसाखरेचा."

मी गॅस बारीक केला.

"पहाटेचं सांग," तिचा नवरा म्हणाला.

"हां! पहाटे साडेपाचला खिडकीवर टकटक. हे डोळे चोळत बाहेर गेले, तर काका म्हणतात, सर, तुमीच सांगितलं व्हतं ना फोनवर, मला हळूच उठवा, तिला झोपू द्या, चहा मी करणार. आणि ताई, ह्यांनी केला चहा. बारा वर्षांत पहिल्यांदा. चुलीपुढे बसून डोळे लाल करून घेतले. दुसऱ्या दिवशी तर कोणी न उठवता उठले."

एवढं बोलल्यावर तिच्या लक्षात आलं असावं. ती ओट्यापासून बाजूला झाली. "ताई, हे सगळं दाजींनी..."

"साखर किती घालू?" मी विचारलं. तिला किती लागते हे मला ती पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

पुढचे चार दिवस मी तिचा फोन घेतला नाही. ग्रंथालयात मुलांना पुस्तकं देताना एकच चित्र समोर यायचं: माझ्या खुर्चीत ती बसली आहे आणि खाली मटारांच्या सालांचा ढीग. तिचं वाईट व्हावं असं नाही, पण कंदिलांनी भडकून काजळी धरायला हवी होती. खुर्चीचा हात मोडायला हवा होता. निदान त्या दोघांनी भांडायला तरी हवं होतं. आमच्या घरी आयुष्यभर आधी मी उठले. डबा असायचा, त्याची पहिली पाळी असायची. माझ्याआधी उठून चहा करायचं त्याने एकदा ठरवलं, आणि तो चहा माझ्या बहिणीच्या पोटात गेला, दुसऱ्याच माणसाच्या हातून. आणि दोघांना पाठवणारी मीच.

पाचव्या दिवशी मी त्याच्या फोनमधून काकांचा नंबर घेतला. 'डोंगर काका' अशा नावाने ठेवलेला होता. दुपारी लावला तर लागला नाही. संध्याकाळी पाचला त्यांचाच उलटा फोन आला. रेंज फक्त वरच्या एका खडकावर येते, तिथे ते रोज पाचला चढतात, हे मला नंतर कळलं. सुट्टीच्या दिवशी पाचच्या सुमाराला माझा नवरा फोन घेऊन गॅलरीत का जायचा, हेही तेव्हाच कळलं. मी विचारलं की म्हणायचा, कारखान्यातून होता.

"कोन बोलतंय?"

मी नवऱ्याचं नाव सांगितलं, त्यांची बायको बोलते आहे म्हणाले.

पलीकडे वाऱ्याचा आवाज होता. "पन मॅडम तर..." काका म्हणाले आणि एकदम थांबले.

मला विचारायचं होतं, त्याने तुम्हाला आणखी काय काय सांगितलं होतं. पण त्या थांबण्यातून त्यांच्या मनात काय आलं ते मला समजलं आणि तोंडातून भलतंच निघालं. "गेल्या शनिवारी ते तिकडे आले होते का?"

"कोन, सर? नाय ओ ताई. सर आलेच नाय."

"नक्की?"

"खोलीला कुलूपच व्हतं की."

"बरोबर कोणी बाई नव्हती?"

"बाई कुठली? सर तसले नायत, ताई. तुमी उगी मनात काय आनू नका. लय सरळ मानूस. फोनवर सारखं तुमचंच चालायचं. आमच्या हिला वाचायला दोन दिवे लागतात, खुर्चीला हात पायजेत, नायतर तिचं कोपर दुखतं. आमी हसायचो त्यांना. असा मानूस दुसरी बाई घेऊन येईल का, तुमीच सांगा."

मी त्यांना बोलू दिलं. काकांच्या लेखी माझा नवरा कुठल्याशा बाईबरोबर डोंगरात फिरून आला होता आणि एक अनोळखी माणूस त्याचा संसार वाचवायला जीव तोडून खोटं बोलत होता. कितीतरी महिने सगळे माझ्याशी आवाज खाली आणून बोलत होते. हा माणूस मला घाबरला होता. मला ते सोडवेना. आणखी दोनचार प्रश्न विचारले असते तर त्याने शपथही घेतली असती.

"काका," मी शेवटी म्हणाले, "तुम्ही खरंच बोलताय. सर आले नव्हते. ते जूनमध्येच गेले."

"कुठं गेले?"

आमच्याकडे सगळे 'गेले' एवढंच म्हणत होते, आणि तेवढ्याने भागत होतं. इथे भागलं नाही. "वारले," मी म्हणाले. हा शब्द मी तोवर एकदाही उच्चारला नव्हता. "आले होते ते माझी बहीण आणि तिचा नवरा."

मग काका म्हणाले, "मंग ती खुर्ची तुमची व्हती."

"हो."

"त्या बाईनं तिच्यात बसून मटार सोलले, ओ," ते म्हणाले, अगदी तक्रार केल्यासारखे. "दोन कंदील लावून दिले मी. एक पान उलटलं नाय तिनं."

मला हसू आलं. माझ्या वतीने रागावणारं कोणीतरी निघालं होतं.

"खुर्ची अजून वरच हाय," काका म्हणाले. "खाली न्यायची व्हती, आता नेत नाय. राहायला जोडीच लागती, ते मालकाच्या हातात. पन सकाळची या, उजेड असतोवर बसा. बसायला कोन जोडी इचारतंय? चहा बिनसाखरेचा ना?"

"बिनसाखरेचा."

त्या संध्याकाळी मी धाकटीचा फोन घेतला. तिने आधी रडून घेतलं. मग मी सांगितलं, येत्या रविवारी पहिल्या बसने मी तिकडे जाते आहे.

"एकटी? ताई, चढ आहे गं. मी येते ना सोबत. मी बाहेर बसेन, तुझ्याशी बोलणारसुद्धा नाही."

"नको," मी म्हणाले.

ती हिरमुसली, ते फोनवरही कळलं. मला बरं वाटलं. पुस्तक कोणतं न्यायचं ते अजून ठरलेलं नाही.