वजें परत मागवण्याबाबत

मुलीच्या सासरी पाठवलेलं वजें परत आणायला स्वतः गेलेली बाई पेडण्यात माझ्याआधी कोणी झाली नव्हती, असं मला नंतर कळवण्यात आलं.

लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणपतीत, मुलीच्या सासरी लाडू, नेवऱ्या, फळं, नारळ पाठवतात, ते आमच्या गोव्यात वजें. सासरची माणसं ते वाड्यावर घरोघर वाटतात आणि वाडा खाऊन निकाल देतो. आमच्या मेधाची ती पहिली चवथ. मी यादी केली. (मी यादीशिवाय देवळातही जात नाही.) यादीत नववं काम होतं, बेसनाचे लाडू, एकशे एक, घरी करणे. आठव्या कामाशी पोचेतो माझी कंबर धरली. मग मी 'घरी करणे' खोडून 'विकत आणणे' लिहिलं आणि डिचोलीच्या बाजारातून एका कंपनीचे तीन खोके आणले.

लाडू फारच गोल निघाले! कोणाला संशय येऊ नये म्हणून मी दर चौथा लाडू अंगठ्याने चेपला, सगळे माझं नाव घातलेल्या स्टीलच्या डब्यांत भरले आणि वर चिठ्ठी ठेवली, 'घरीच केलेत, गोड मानून घ्यावेत.'

चवथीच्या आदल्या दिवशी सकाळी आमचे हे पेपर वाचता वाचता म्हणाले, "गो, तुझे लाडू पेपरात आलेत."

कंपनीचं निवेदन होतं. एका खेपेत चाळणीच्या तारेचे तुकडे सापडल्याने केवळ खबरदारी म्हणून ती परत मागवण्यात येत आहे. बाकी सर्व माल सुरक्षित. आजवर एकही तक्रार नाही.

मी लाल पेन काढलं. तक्रार नाही, तर तार सापडली कोणाला? बाकी माल सुरक्षित कशावरून? ती चाळण सध्या कुठे आहे? आणि खाली फोन नंबरच दिला नाही, तर तक्रार येणार कुठून? रिकामे खोके माळ्यावर होतेच. (मी खोके टाकत नाही.) तिन्हींवर निवेदनातल्या खेपेचाच नंबर! मी ते घेऊन दुकानदाराला गाठलं.

"बाकीचो माल तपासलाय, असं कंपनीचा माणूस सांगून गेला," तो म्हणाला.

"कोणी तपासला?"

"कंपनीनंच."

"म्हणजे चाळण त्यांची आणि तपासणीही त्यांचीच?"

"बाई, तुमचे लाडू खंय आसात?"

लाडू पेडण्यात होते, मेधाच्या सासरी. उद्या ते वाड्यावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दातांखाली जाणार होते आणि त्यानंतर माझी मेधा त्याच वाड्यावर जन्म काढणार होती.

"फोन कर आणि खरं सांगून टाक," हे म्हणाले.

"आणि चिठ्ठीचं काय सांगू?"

ह्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. मी दोन बसगाड्या बदलून पेडण्याला पोचले.

आमच्या विहीणबाई पंचवीस वर्षं पोस्टात होत्या. पत्ता अपुरा असला तर पत्र पुढे जाऊ देत नसत. त्यांनी पाणी दिलं, साखळीचा चष्मा चढवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"लाडू परत न्यायला आलेय," मी म्हणाले. "केवळ खबरदारी म्हणून."

"कशाक? कोणाची तक्रार आयली?"

"छे! एकही तक्रार नाही."

"मग?"

"माझ्या चाळणीची तार तुटली होती. एकाच घाण्यात असेल. बाकीचे सुरक्षित आहेत."

"कोणी तपासले?"

"मीच."

हे बोलल्यावर मला सकाळचं लाल पेन आठवलं. मेधा छताकडे बघत होती.

"विहीणबाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "ती चाळण आता खंय आसा?"

पंचवीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईपुढे काय टिकणार!

"कंपनीत," मी म्हणाले.

मग व्याही हळूच पुढे झाले. "एक मी कालच खाल्लो. बरो होतो हां." ह्या लाडवांच्या बाजूने आलेला हा एकमेव अहवाल.

विहीणबाईंनी शंभर लाडू मोजून गोणपाटात बांधले, गोणपाट माझ्या पायाशी ठेवलं आणि आत जाऊन बेसनाचा डबा घेऊन आल्या. "पदर खोचा. चिठ्ठी तुमची आसा, ती खरी करूया."

संध्याकाळपर्यंत मी बेसन भाजत होते. शेजारच्या चार बायका दारात बसून बघत होत्या. तूप कमी पडलं, मग जास्त झालं. एकही लाडू गोल वळला नाही, काही तर ताटात ठेवताच बसले. विहीणबाईंनी एक उचलून चष्म्यातून न्याहाळला.

"आता कसे घरचे दिसतात! अंगठो मारूक नको."

दुसऱ्या दिवशी ते वाड्यावर वाटले गेले. आजवर एकही तक्रार आलेली नाही. वाड्याला मी आमचा फोन नंबर दिलेला नाही.