सगळ्यांना शंभर

मूग गिळून गप्प बसण्यात आमच्या ह्यांचा हात कुणी धरणार नाही. इतक्या वर्षांच्या संसारात एकदा तरी आवाज चढवला असेल तर शपथ! काम काय, तर कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर लक्ष ठेवायचं. ते सर्व्हर कुठे आहेत ते ह्यांनाही ठाऊक नाही, पण तिकडे खुट्ट झालं की हे भरल्या ताटावरून उठतात.

त्या सर्व्हरमध्ये म्हणे ठोका असतो. ठोका पडला की मशीन हातातलं काम थांबवून घड्याळ बघतं. सेकंदाला शंभरदा बघायचं की हजारदा, ते आपण ठरवायचं. उगाच हजारदा बघितलं तर काम रखडतं, भाडं वाढतं. पण ज्या मशीनवरून फोन जातात, त्याला हजार लागतातच, नाहीतर आवाज तुटतो. ॲम्ब्युलन्सची हेल्पलाइन ह्यांच्याच एका मशीनवर होती.

नव्या साहेबाने बिल बघितलं आणि फर्मान काढलं, "सगळ्यांना शंभर."

हे म्हणाले, "साहेब, फोनचं मशीन सोडून."

"अपवाद नकोत."

झालं! ह्यांनी सगळ्या मशीनना शंभर लावून टाकलं. घरी येऊन मला सांगितलं, तेव्हा म्हटलं, "अहो, भांडायचं की!" तर म्हणे, "सांगितलं ना एकदा."

पुढच्याच आठवड्यात सासूबाई स्वयंपाकघरात कोसळल्या. तोंड वाकडं, हात लुळा. मी हेल्पलाइनला फोन लावला. मी पत्ता ओरडून सांगतेय आणि पलीकडची मुलगी म्हणतेय, "परत सांगा. आवाज तुटतोय, परत सांगा." गाडी आधी भलत्याच गल्लीत गेली. डॉक्टर म्हणाले, जरा लवकर आणायला हवं होतं.

हॉस्पिटलच्या जिन्यात मी ह्यांना धरलं. "एकदा सांगितलंत? एकदा? आई तुमची, मशीन तुमचं, आणि तोंडाला काय कुलूप होतं?" लोक बघत होते. बघू देत!

हे तिथूनच ऑफिसात गेले आणि कुणाला न विचारता त्या मशीनला हजार लावून आले. साहेब म्हणाला, विनापरवानगी केलंत, माफीनामा द्या नाहीतर घरी बसा. हे घरी बसलेत. त्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. पण राग? तो त्या मेल्या साहेबावर आहे, आणि ह्यांच्यावर तर आहेच आहे.

सासूबाई वाचल्या. बोलणं मात्र तुटक झालंय, अर्धा शब्द बाहेर येतो, अर्धा आतच राहतो. हे खाटेपाशी खुर्ची ओढून बसतात, कान अगदी त्यांच्या तोंडाशी नेतात.

"परत सांग, आई," म्हणतात. "परत सांग."