भाऊजींचा हल्ला

भाऊजींनी घराचं कुलूपसुद्धा कधी स्वतः लावलं नव्हतं, पण दुसऱ्यांची कुलपं कशी फोडावीत यावर ते जेवताना तासभर बोलत. ऑफिसात त्यांना मागून सेनापती म्हणत आणि समोर सर. त्यांची मेहुणी त्याच ऑफिसात संगणक सांभाळायची. ही नोकरी आपल्या शब्दामुळे मिळाली, हे ते तिला दर घासाला ऐकवत. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे तिचं त्यांच्याबद्दलचं पक्कं मत होतं, आणि ते मत चुकीचं ठरवण्याची तसदी त्यांनी कधी घेतली नाही.

ऑफिसात सुरक्षा विभाग निघणार होता. साहेब म्हणाले, हॅकिंगच्या स्पर्धेला तुम्ही दोघं एक संघ म्हणून जा. जो चमकेल तो विभागप्रमुख. मेहुणीला ती खुर्ची हवी होती, अगदी जिवापाड. भाऊजींच्या हाताखालून सुटायचा दुसरा मार्ग नव्हता.

स्पर्धा सोपी होती. प्रत्येक संघाला एकसारखा सर्व्हर, त्यात मुद्दाम ठेवलेली एकसारखी भोकं. आपली बुजवायची आणि दुसऱ्यांच्या भोकांतून शिरून त्यांची गुपितं पळवायची. भाऊजींनी बसल्याबसल्या सर्व्हरचा पासवर्ड बदलला आणि स्वतःपाशी ठेवला. शिस्त म्हणे.

पहिलं भोक मेहुणीला सापडलं. फाइल चढवायच्या पानावर नावाच्या जागी हुकूम लिहिला, की सर्व्हर तो मुकाट पाळायचा.

“भाऊजी, पासवर्ड द्या. आधी आपलं बुजवते, दोन ओळींचं काम आहे.”

“इथे सर म्हण. बुजवाबुजवी नंतर. आधी शेजाऱ्यांना लुटू.”

“अहो, तेच भोक आपल्यालाही आहे. आपण काय पाठवलं ते त्यांच्या सर्व्हरच्या नोंदीत दिसणार. तेच उचलून ते आपल्यावर सोडतील.”

“मला शिकवतेस? तुला इथवर आणलं कोणी?”

भाऊजींनी त्याच भोकातून हल्ला केला. थोडा वेळ गुणांच्या फळ्यावर त्यांचा संघ वर गेला, तेव्हा ते कमरेवर हात ठेवून खोलीभर फिरले. मग एकेका संघाने नोंदी वाचल्या, हल्ला जसाच्या तसा उचलला आणि परत पाठवला. दुसऱ्याचं कुसळ शोधणाऱ्याच्या डोळ्यात मुसळ तसंच होतं. भाऊजींनी पासवर्ड दिला तो सर्व्हर पुरता लुटला गेल्यावर. वरातीमागून घोडं. संघ शेवटचा आला.

सोमवारी साहेबांसमोर भाऊजी शांतपणे म्हणाले, “आमच्या संघाने काढलेला हल्ला शेवटी सगळ्या संघांनी वापरला.”

“आमच्यावरच वापरला, साहेब,” मेहुणी म्हणाली.

साहेबांना तो विनोद वाटला. ते मनापासून हसले आणि खुर्ची भाऊजींना दिली. घरी ताई, म्हणजे भाऊजींची बायको, बहिणीला म्हणाली, “बघ, ह्यांच्यामुळे तुझंही नाव झालं.”

नव्या विभागप्रमुखांचा पहिला हुकूम निघाला: ऑफिसातले सगळे पासवर्ड यापुढे फक्त त्यांच्यापाशी राहतील.

मेहुणी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. “आणि मला एखादं भोक सापडलं तर?”

“मला येऊन सांगायचं,” ते खुर्ची मागेपुढे करून बघत म्हणाले. “आणि इथे सर म्हण.”